लिफ्ट बंद असते त्या दिवशी

सकाळी हुसेयचा फोन:
वर वारा सुटलाय, पाळणे एकमेकांवर आपटतायत,
लिफ्ट आज हलायची नाही.
माणसं मात्र उठलीत, आवरून बसलीत,
चिडलीत.
तू त्यांना खाली ने.

खाली म्हणजे आमचं काराकोल.
माझी मिनीबस सोळा जणांची,
हीटर अकरा जणांपुरता.
मागे बसणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवतो,
बूट काढू नका.

रविवार, म्हणून आधी गुरांचा बाजार.
उठत आलेला. चिखल अर्धा गोठलेला,
आणि न विकली गेलेली एक मेंढी
जुन्या लाडाच्या मागच्या सीटवर
समोर बघत बसलेली,
जणू गाडी तिनंच बोलावली होती.
जर्मन बाईंनी फोटो काढला.
मालकानं भाव सांगितला.
त्यांना वाटलं, फोटोचा.

मग मशीद.
मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं:
सगळी लाकडाची, एकही खिळा नाही.
पोलंडचे झेनॉन, जन्मभर सुतारकी केलेले,
हातमोजा काढून खांबाच्या सांध्यावरून
नख फिरवत राहिले.
बायको म्हणाली, चला, गारठले मी.
थांब, ते म्हणाले, या माणसाला घाई नव्हती.
शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल
असं, शेजारच्यासारखं.
एकवीस वर्षं मी खिळा नाही, खिळा नाही म्हणतोय;
सांधा कुठे असतो ते आज पाहिलं.

दुपारी मेरजाच्या बोळात आशल्यान-फू.
थंड शेवया, आंबट पाणी, वर तिखटाचा लाल डाग.
बाहेर उणे बारा.
गरम नाही का, सगळे विचारतात.
मेरजा कुणालाच उत्तर देत नाही,
थोड्या वेळानं दुसरा वाडगा आणून ठेवते.
तो कुणी परत पाठवत नाही.

तिथेच अल्माटीची आयझान म्हणाली,
तुम्ही कधी वर जाता का?
रोज, मी म्हटलं. पार्किंगपर्यंत.
ती हसली, मग हसली नाही.
लहानपणी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून
घसरायचो आम्ही, दात पाडून घ्यायचो, तो भाग सांगितला.
एका दिवसाचा पास म्हणजे पाव मेंढी,
आणि पाव मेंढी कुणी विकत नाही,
हा भाग पिरोश्कीबरोबर गिळला.

उतरताना तिनं गळ्यातला पास काढून
माझ्या आरशाला अडकवला.
मला काय उपयोग, म्हणाली, उद्या निघतेच मी.
त्यावर आजचीच तारीख.
बंद लिफ्टचा आजचा पास!
मी तिला म्हटलं, रखमत,
आणि खरंच म्हटलं.

परत वर पोचलो तेव्हा वारा पडलेला.
कधी पडला कुणास ठाऊक.
हुसेय रिकामे पाळणे फिरवत होता,
दोरावरचा बर्फ झाडायला.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा तो,
अजून मागे न बघता बोलतो.
बस, म्हणाला.
पास आहे, मी म्हटलं.
पास घाल खिशात. वर उतरू नकोस, फिरून ये.

पाय लोंबायला लागले.
खाली देवदार, मग देवदारांचे शेंडे,
मग नुसती चाकांची खडखड
प्रत्येक खांबापाशी.
वर पोचून पाळणा वळला
आणि अख्खं गाव समोर आलं, त्यापलीकडे तळं,
जे कधी गोठत नाही म्हणून आम्ही त्याच्याकडे बघतही नाही.

मशीद शोधली. सापडली नाही.
मेरजाचा बोळ नाही, बाजार नाही,
माझं छप्परही नाही;
धुरात सगळी छपरं सख्खी भावंडं.
दिवसभर ज्यांना दाखवलं तेच गाव,
आणि मला कुणी सांगणारं नव्हतं
की हे पाहा, हे इथं आहे.

एकच गोष्ट ओळखू आली.
अगदी पायथ्याशी, पार्किंगमध्ये,
पिवळा ठिपका:
माझ्या बसमधला दिवा.
चालू राहिला होता.
बॅटरी आधीच म्हातारी.
आणि पाळणा
आपल्याच चालीनं उतरणार.